कष्टाळू आणि नम्र

माझी मावशी एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजच्या सर्जरी विभागात टाइपिस्ट होती. नाकासमोर चालणारी बाई. साहेब सांगतील ते टाइप करायचं, त्यात स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा तिचा बाणा, आणि त्याचा तिला भलताच अभिमान. माझ्या कागदात चूक दाखवेल त्याला चहा पाजीन, असं ती म्हणायची. तो चहा कुणाच्याच नशिबात नव्हता.

विभागाच्या जिन्यात आजवरच्या प्राध्यापकांचे फोटो होते. सगळे एका रंगाचे, एका धाटणीच्या नाकाचे. सख्खे-चुलत भाऊ ओळीत उभे केल्यासारखे. याच विभागात एक सर्जनबाई होत्या. त्यांचे आजोबा समुद्रापलीकडून आलेले. रंग काळा, केस दाट कुरळे, ऑपरेशनच्या टोपीत न मावणारे. जन्म याच हॉस्पिटलातला, तरी पेशंट त्यांनाच विचारत, "डॉक्टर कधी येणार?" सहकारी लाडानं 'पाहुण्याबाई' म्हणत. हा लाड कुणी मागितला होता कोण जाणे. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला त्या दोनदा गेल्या आणि दोनदा हात हलवत परत आल्या. ही तिसरी वेळ शेवटची, कारण पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती.

विभागप्रमुख साहेबांनी बाईंचं शिफारसपत्र मावशीला सांगायला घेतलं. "अत्यंत कष्टाळू. स्वभावानं नम्र. सर्वांशी मिळूनमिसळून वागतात."

मावशीची बोटं अडखळली. त्याच जागेसाठी साहेबांच्या एका लाडक्या सर्जनचं पत्र तिनं सोमवारीच केलं होतं. तो बाईंहून सहा वर्षांनी लहान. त्याच्या पत्रात होतं, "असामान्य हात. विभाग चालवायची धमक."

दुपारी डबा बाजूला ठेवून तिनं जुन्या फायली काढल्या. धमक आणि हात जिन्यातल्या फोटोंच्या वाट्याला आले होते. वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या आडनावाच्या लोकांना कष्ट आणि नम्रपणा. त्या नम्र माणसांपैकी एकाचाही फोटो जिन्यात नव्हता.

संध्याकाळी तिनं दोन्ही पत्रं साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"गेल्या वर्षी तुमचं पित्ताशय काढायचं होतं, तेव्हा तुम्ही या बाईंनाच का बोलावलंत? नम्र आहेत म्हणून?"

साहेब लालबुंद झाले. "बाई, तुमचं काम टाइप करण्याचं आहे."

मावशीनं हात मांडीवर ठेवले आणि ती बसून राहिली. साहेबांनी पत्रं पुन्हा वाचली. त्यांचा हात आपसूक पोटाकडे गेला.

"खोडा ते," शेवटी ते म्हणाले. "लिहा. माझ्या पोटावर सुरी चालवायची वेळ आली, तेव्हा सगळ्या विभागातून मी यांनाच निवडलं."

मला विचाराल तर साहेब काही एका संध्याकाळीत बदलले नव्हते, ते पकडले गेले होते. पण पत्र गेलं.

सर्जनबाई प्राध्यापक झाल्या. ऑर्डर मिळताच त्या तडक मावशीच्या टेबलाशी आल्या. "बाई, पत्राचं कळलं मला. तुमचे उपकार कसे फेडू?"

मावशी मान वर करेना. तिला लाज वाटत होती.

"उपकार कसले," ती म्हणाली, "तुमची आधीची दोन पत्रंही मीच टाइप केली होती. एक चूक नव्हती त्यांत."