माझी भर सभेतली हरकत

चहा घेता घेता ऐका, पण तोंडातला घोट आधी गिळून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. मी जे करून बसलोय, त्यावर आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा अजून तोंड फिरवून हसतो.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत आलो आणि गाझियाबादच्या पार कडेला फ्लॅट घेतला. का घेतला? तर बाल्कनीतून शेत दिसतं म्हणून. थंडीत मोहरी फुलली की बायको चहाचा कप घेऊन तिथून हलत नाही. शेत ओमवती चाचींचं. त्या आमच्या गेटवर पालक, मेथी, फ्लॉवर विकतात आणि मी जुड्या फार चिवडल्या की हातावर चापटी मारतात.

तर खबर आली की एका बिल्डरसाठी ही सगळी जमीन शेतीतून काढून निवासी करायचा प्रस्ताव आहे. चाचींचा चेहराच उतरला. "खेत गया तो मैं सुबह उठकर करूँगी क्या?" त्यांनी मला विचारलं, आणि मला गलबलून आलं. सुनावणी होणार होती, कुणीतरी बोलायला हवं होतं. सरकारी माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही, यार, नाही कशाला म्हणतोय?

आता आपल्याकडे अशा वेळी काय करतात? हरकत घेतात. 'हरकती व सूचना' हे शब्द आपण लहानपणापासून पेपरात वाचतो. मी मनातल्या मनात मराठीत झकास भाषण तयार केलं आणि शेवटी फक्त 'है' लावायचं ठरवलं. माझी हिंदी अशीच चालते.

हॉल भरलेला. समोर एक शांत अधिकारी मॅडम. मी उठलो, खाकरलो आणि ठणकावून सांगितलं, "मॅडम, मैं यहाँ हरकत करने आया हूँ।"

चुळबूळ सुरू झाली. दारातला गार्ड थोडा पुढे आला. मला वाटलं, काय वजन आहे आपल्या शब्दाला! चेव चढला. "और यह मेरी अकेले की हरकत नहीं है। ओमवती चाची और मैंने मिलकर हरकत की है।"

चाचींनी पदर तोंडात कोंबला. शेजारी बसलेले त्यांचे यजमान सावकाश त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "कब की, भागवान?"

मॅडम मोठ्या समजूतदार. मऊ आवाजात त्यांनी मला विचारलं, "अच्छा, यह बताइए, आपको कोई आपत्ति है?"

एवढ्या गडबडीत ही बाई माझ्या घरादाराची चौकशी करतेय! मी हात जोडले. "नहीं मॅडम, भगवान की दया से कोई आपत्ति नहीं। घर में सब बिल्कुल ठीक है।"

मॅडम शेजारच्या बाबूंना म्हणाल्या, "लिखिए, इनको कोई आपत्ति नहीं।"

आमच्या मजल्यावरचे शुक्लाजी माझ्या मागेच बसले होते. त्यांनी कपाळावर हात मारला आणि कानात शिकवणी घेतली. हिंदीत हरकत म्हणजे चाळे. आणि आपली जी हरकत, तिला ते म्हणतात आपत्ति. म्हणजे बघा, आधी मी भर सभेत चाचींबरोबर चाळे केल्याची कबुली दिली आणि मग त्यांचं शेतही देऊन टाकलं.

मी परत उठायच्या आत चाची उभ्या राहिल्या. "आपत्ति मुझे है, मैडम। ज़मीन मेरी है। ये भाईसाहब तो बस मेथी लेते हैं।" मग त्या अशा काही कडाडल्या की मागून एकेक शेतकरी उठून आपापली आपत्ति सांगू लागला. मी मान खाली घालून चाचींच्या यजमानांची नजर चुकवत होतो.

पुढे निर्णय लागला. तो पट्टा शेतीचाच राहिला. बाल्कनीसमोर मोहरी आहे, गेटवर चाची आहेत आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटतं.

फक्त निर्णयाच्या दिवशी संध्याकाळी आमचं दार वाजलं. बिल्डरचा माणूस काजूकतलीचा डबा घेऊन उभा. मला वाटलं, दम द्यायला आला. पण त्याचे डोळे पाणावले होते. माझे दोन्ही हात हातात घेऊन तो म्हणाला, "फ़ैसला जो भी हुआ, भाईसाहब, उस पूरे हॉल में हमारे साथ सिर्फ़ आप खड़े थे।"