खंय उभो होतस?

तुळसाकाकीला आता तुळसाकाकी अशी हाक कुणीच मारत नाही. डोक्यावर सुकवलेल्या कोकमाच्या सोलांची टोपली घेऊन ती बाजाराला निघाली रे निघाली की शाळेची पोरं लांबूनच बोंब ठोकतात, "खंय उभो होतस?" काकी पण कमी नाही, टोपली एका हाताने धरायची आणि दुसरा हात उडवत ओरडायची, "तुज्या बापाशीच्या डोक्यार!"

पोरं हसतात, काकी हसते, पण 'कुठे उभा होतास' हा प्रश्न काही थट्टेचा नाही हां. ह्या एका प्रश्नापायी काकीने अख्ख्या गावाशी वाकडं घेतलं होतं.

आचऱ्याच्या पलीकडे खाडीच्या काठाला तिचं गाव. कौलारू घर, मागे माडांची रांग, नवरा कधीच गेलेला, मुलगा मुंबईला. भांडणाला सुरुवात झाली ती नारळावरून. म्हणजे लोक तरी तसंच सांगतात.

गावात माडावर चढणारा एकच, लवू. कमरेला कोयता खोचला की खारीसारखा वर. वरून गाणी म्हणायचा, खालच्यांच्या चहाड्या करायचा, आणि खाली उतरला की काकीच्या पडवीत आडवा होऊन असा घोरायचा, असा घोरायचा, की कोंबड्या अंगण सोडून जायच्या. तर हा लवू गेला तुरुंगात. चोरीच्या केसमध्ये, तीन वर्षांसाठी. आणि माडांना काय कळतंय कोण तुरुंगात आहे ते? नारळ सुकले की पडणारच. धप्प! काकीच्या छपरावर. एक कौल फुटलं. काकी बाहेर धावत आली आणि सवयीने ओरडली, "लवू, मेल्या, खंय मेलस?"

मग तिला आठवलं तो कुठे आहे ते. ती तिथेच पायरीवर बसली आणि फुटक्या कौलाकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लवूच्या बायकोकडे गेली. सारिका काजू सोलायला जायची, बोटं चिकाने काळी झालेली, चेहरा तर त्याहून काळवंडलेला. काकीने विचारलं, "गो, तू काय करूक नाय? वर अपील करतत मा?"

"कोणाक विचारू काकी? वकील म्हणालो, झाला ता झाला. तीन वर्सां बसूचा लागतला."

"माजो माड कोण उतरवतलो तीन वर्सां?" काकी म्हणाली.

सारिका भडकलीच. "तुका माडाचा पडला हा?"

काकीला खरं तर माडाचं पडलं नव्हतं. पण रडू आलं की ती अशीच काहीतरी वाकडं बोलते, जन्माची सवय. कारण तिला पक्कं माहीत होतं, लवूने चोरी केलेली नाही. कसं माहीत, त्यासाठी गावपळण सांगावी लागेल.

तर ह्या गावात काही वर्षांनी गावपळण असते. देवळात रवळनाथाचा कौल घेतात आणि मग तीन दिवस अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी! चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची आणि खाडीपलीकडच्या माळावर राहुट्या बांधून राहायचं. भजनं, फुगड्या, मटणाची पातेली, धमाल नुसती. पण गावात पाऊल टाकायचं नाही. कुणीच नाही. काय विसरलं तर विसरलं, परत जायचं नाही म्हणजे नाही. देवाची आज्ञा ती, पोलिसांच्या बापाला घाबरणार नाहीत पण हिला घाबरतात.

मागच्या गावपळणीला गावात चोरी झाली. मुंबईकर धनेशचं बंद घर कुणीतरी मागून फोडलं, समया गेल्या, दागिने गेले. पोलीस आले. घरामागचा माड छपराला टेकलेला, मग माडावर कोण चढतो? लवू. झालं! त्यात गुरुदास पुढे झाला. गुरुदासचं वाडीत किराणा दुकान, कुठेही चार माणसं जमली की हा मध्ये. त्याने साक्ष दिली की पळणीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी लवूला धनेशच्या मागच्या दाराने पिशवी घेऊन निघताना पाहिलं. लवू आत.

आणि पळणीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी लवू काकीच्या शेजारच्या राहुटीत घोरत पडला होता! मटण हाणून. आजूबाजूच्या राहुट्यांतले वैतागून कधीच भजनाला निघून गेलेले, शेवटी काकीनेच उठून त्याच्या तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं होतं. एक मिनिट गप्प, की पुन्हा सुरू. काकीने हे पोलिसांना सांगितलं पण होतं. चौकशीला आलेला हवालदार हसून म्हणाला, "काकू, घोरणं पुरावा नसतो."

तर सारिकाकडून परतलेली काकी त्याच आठवड्यात सोलांची टोपली घेऊनच कोर्टाच्या आवारात पोचली. तिथे गरिबांना फुकट वकील देतात असं तिने बाजारात ऐकलं होतं. मिळाली ती आकांक्षा, सावंतवाडीची, वकील होऊन दोन वर्षं झालेली, स्कूटरवरून फिरणारी. काकीने त्या कोवळ्या पोरीला बघून तोंडच वाकडं केलं.

"ह्या चेडू? ह्या लवूक सोडवतला?"

"काकू, मला मालवणी कळते," आकांक्षा म्हणाली.

"कळता तर बरा झाला. सोलां घे."

आकांक्षाने कोर्टातून कागद काढले आणि एका रविवारी काकीच्या पडवीत बसून गुरुदासची साक्ष मोठ्याने वाचायला लागली. सारिका पण होती. काकी एकीकडे सोलं उलटत होती, लवूच्या केसला ती कोर्टात कधी गेलीच नव्हती, त्यामुळे हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. आकांक्षा वाचत होती, "मी देवळासमोरच्या वडाखाली उभा होतो. तिथून मला आरोपी..."

मध्येच थांबून तिने विचारलं, "काकू, ही गावपळण म्हणजे नक्की काय हो? थोडे लोक जातात का सगळेच?"

"सगळेच! कुत्रो पण ऱ्हवना नाय."

"मग हा वडाखाली कसा?"

काकीच्या हातातलं सोल हातातच राहिलं. सारिका माहेरची कणकवलीकडची, लग्नानंतरची तिची ती पहिलीच पळण, तिच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. पण बाकीचे? कोर्टात वाडीतली सात-आठ माणसं बसलेली होती की! त्यांनी हे कानाने ऐकलेलं!

काकी तशीच उठली. ओले हात, पदर खोचलेला. थेट धोंडूआबांच्या अंगणात. धोंडूआबा म्हणजे गावचे मानकरी, देवळात सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे, त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही.

"आबा, तुमी कोर्टात होतास मा? गुरुदास वडाखाली उभो होतो म्हणालो, तुमी ऐकलास?"

"ऐकलंय," आबा सुपारी कातरत म्हणाले.

"मगे बोलूक कित्याक नाय?"

"गो तुळसा, पळण मोडली ती देवाची. देव बघून घेतलो त्याका. आमी कित्याक मधी पडाचा? देवाचा देवाकडे, कोर्टाचा कोर्टाकडे."

बघा म्हणजे! सगळ्यांना कळलं होतं. सगळ्यांनी मनात म्हटलं असेल, अरे बापरे, गुरुदासने पळण मोडली, आता ह्याचं काय खरं नाही. कोण म्हणे त्याला साप चावणार, कोण म्हणे त्याचं दुकान बसणार. सगळे वाट बघत होते देव गुरुदासला काय करतो त्याची. आणि तिकडे लवू आत गेला, त्याची वाट कुणीच बघत नव्हतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हो, हाच तर वैताग! दोन गोष्टी एकमेकांना लावायच्या असतात हे कुणाला सुचलंच नाही.

काकी रडकुंडीला आली होती, म्हणून अर्थातच वाकडं बोलली. "आबा, देवाक लय कामां आसत. माजे नारळ पडतत छपरार."

आकांक्षाने सांगितलं, अपिलात गुरुदासला पुन्हा साक्षीला बोलवायची मागणी करता येईल. पण गावातलं कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की त्या दिवसांत गावात कुणी नसतं. एकटी तुळसाकाकी पुरणार नाही. "आणि गुरुदास म्हणाला, मी मोडली पळण, गेलो होतो गावात, तर? मग आपण संपलो."

काकी तेच डोक्यात घेऊन सोलं उलटत बसली. चार दिवस बाजाराला पण गेली नाही. पाचव्या दिवशी सोमवार होता. सोमवारी देवळात गाऱ्हाणी असतात, कुणाची म्हैस, कुणाचा व्हिसा, कुणाचं लग्न. देऊळ भरलेलं. गुरुदास पुढेच, नारळ फोडायला. काकी उभी राहिली.

"आबा, माजा एक गाऱ्हाना घाला."

"काय गो?"

"पळणीत गुरुदास गावात होतो, देवळासमोर वडाखाली. गावावर काय संकट येव नये म्हणान गुरुदासाच्या वतीन देवाची माफी मागा."

देवळात घंटा वाजवणारा माणूस दोरी धरून तसाच राहिला. गुरुदास लालबुंद. "काय बोलतस काकी? मी? मी गावात? माजो पाय वेशीच्या आत पडाक नाय! रवळनाथाची शपत! मी तीन दिवस माळार होतंय, आबांच्या राहुटीत पत्ते खेळी होतंय, विचारा आबांका!"

"होतो," आबा म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं त्यांच्या.

"मगे लवूक बघलस ता खंय उभो ऱ्हवान?" काकी म्हणाली. "मेल्या, सांग मा. खंय उभो होतस?"

गुरुदासने हातातला नारळ खाली ठेवला. मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग कुणीच हसेना. सारिका दारात उभी होती, कडेवर पोर, आणि सगळे हळूहळू तिच्याकडे वळून बघायला लागले. गुरुदासने पण बघितलं. तो देवासमोरच मटकन खाली बसला.

आबांनी गाऱ्हाणं घातलं. काकीने सांगितलेलं नाही, दुसरंच. "बा रवळनाथा, आमी सगळे गप ऱ्हवलो, ता माफ कर." मग देवळातच ठरलं, कोर्टात कोण कोण जाणार ते. भरलेला टेम्पो गेला शेवटी!

अपिलाची परवानगी मिळायला, तारखा पडायला वेळ गेलाच, तो जातोच. पण एका तारखेला गुरुदास पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, घाम नुसता. न्यायाधीशांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही गावात होतात का?"

"नाही साहेब."

"मग आरोपीला पाहिलं कसं?"

गुरुदासने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "सगळे म्हणत होते लवूच असणार. मला पण तसंच वाटत होतं साहेब, अगदी पक्कं. म्हणून मी फक्त... बघितलं म्हणून सांगितलं."

काकीची पण साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, "राहुट्यांत पडदे असतात ना? मग घोरणारा माणूस हाच आरोपी कशावरून?"

"एकतर मी त्याच्या तोंडार पाणी ओतलंय. आणि दुसरा, असो कोणच घोरना नाय," काकी म्हणाली आणि थेट कोर्टात घोरून दाखवलं. वर जाणारं, मध्ये अडकणारं, शेवटी शिट्टी असलेलं. बाकावर बसलेलं अख्खं गाव एका सुरात म्हणालं, "होय होय, असाच!" शिपाई गप्प राहा गप्प राहा करत होता आणि स्वतःच तोंड फिरवून हसत होता. आरोपीच्या जागेवर लवू उभा होता, वाळून काठी झालेला. तो हसला नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

लवू निर्दोष सुटला. धनेशच्या समया कुणी नेल्या ते अजून कुणाला कळलेलं नाही. गुरुदासवर खोट्या साक्षीची वेगळी केस चालू आहे, आणि गंमत म्हणजे त्या केससाठी वकील शोधायला तो पहिल्यांदा काकीकडेच आला होता. काकीने त्याला आधी मनसोक्त शिव्या घातल्या, मग आकांक्षाच्या ऑफिसचा पत्ता दिला. म्हणाली, "खरा सांगतलस तर जा."

आता आकांक्षाला जिथे कुठे असली केस दिसते, तिथे ती स्कूटरवर मागे काकीला बसवून नेते. कधी वेंगुर्ल्याच्या जेटीवर, कधी इन्सुलीला. आकांक्षा कायदा सांगते, फुकट वकील कसा मिळतो ते सांगते, लोक जांभया देतात. मग काकी उठते. "कोण म्हणालो, मी बघलंय, तर त्याका विचारा, खंय उभो होतस? आणि तुमका उत्तर म्हायत आसला तर घरात बसान ऱ्हवा नको. शिरा पडो तुमच्या गप बसण्यार!" आणि मग हमखास कुणीतरी मागून उठून जवळ येतं, हळूच म्हणतं, "काकी, माज्या भावाचा असाच झाला हा."

पण लवू सुटून आला तो दिवस सांगायचा राहिलाच. तो घरी जायच्या आधी काकीच्या पडवीत टेकला. तिने त्याला सोलकढी दिली. त्याने वर माडांकडे बघितलं, किती तरी वेळ बघितलं, मग स्वतःच्या तळव्यांकडे. मऊ पडलेले, घट्टे गेलेले.

"काकी, माका आता चढूक जमतला काय गो?"

"आज कोणी सांगलोहा चढूक? पड थयसर."

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सारिका धावतपळत आली तोवर पडवी गरजायला लागली होती, वर जाणारं, मध्ये अडकणारं, शेवटी शिट्टी. सारिका त्याला हलवायला वाकली, तसा काकीने तिचा हात धरला. "झोपांदे गो."

कोंबड्या अंगण सोडून निघाल्या. आणि मागे धप्प! नारळ. कौल फुटल्याचा आवाज आला. काकीने मान सुद्धा वळवली नाही.

"पडांदे," ती म्हणाली.