सोमवार-बुधवार-शुक्रवारचं जहाज

एकाच खोलीत त्याच चार माणसांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास हाताला नळ्या लावून आडवं ठेवलं की किस्से साठणारच. पाणीही साठतं म्हणा, पण ते डायलिसिसचं मशीन काढून घेतं. किस्से अंगातच राहतात. घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "तुम्ही तिथं उपचाराला जाता की कट्ट्यावर?" मी म्हणतो, दोन्हीला.

आमची पाळी सोम-बुध-शुक्र, अकरा ते तीन. एक नंबरच्या खाटेवर मी, श्रीकांत. भवानी पेठेत चादरी-टॉवेलची डिझाइनं काढतो. दोनवर दत्तामामा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मूळचे करमाळ्याचे, आता सोलापुरात लेकीकडं असतात. तीनवर वळसंगच्या शांतव्वा, घरची शेती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. चारवर अंजली, चोवीस वर्षांची, बीएस्सी होता होता किडन्या गेल्या. आणि आम्हा सगळ्यांच्या वर परवीन, आमची टेक्निशियन. सुई तिच्या हातात, म्हणून राज्यही तिचंच.

*

भिंतीवर एक टीव्ही होता. त्यावर मामांना कुस्ती पाहिजे, शांतव्वांना कन्नड सिरियल, अंजलीला काहीच नको. मग एकदा बाहेर रस्ता खोदताना केबल तुटली आणि पंधरा दिवस टीव्ही काळाच राहिला. चार तास छताकडं बघून आम्ही एकमेकांवर चिडायला लागलो.

मी घरून जुना डीव्हीडी प्लेअर आणला आणि त्याच्याबरोबर कपाटावरचा एक डबा. त्यात अठरा डिस्क होत्या. माझ्या लहानपणी रविवारी टीव्हीवर एक परदेशी मालिका यायची. सूर्य विझलेल्या एका ग्रहावरची पाच हजार माणसं एका भल्या मोठ्या जहाजात बसून अंतराळातून नवं घर शोधत निघालेली असतात. भिंती पुठ्ठ्याच्या, कपडे चांदीच्या कागदासारखे, पण मी वेडा झालो होतो. पुढं बऱ्याच वर्षांनी तीच मालिका नव्यानं बनवली. जहाज तेच, गोष्ट तीच, नट नवे. तिच्या डिस्क आल्या तेव्हा मी हा सगळा डबाच घेतला होता, एकदा पाहिला होता आणि कपाटावर ठेवून दिला होता.

परवीननं डब्यावरचं चित्र बघितलं. "इसमें लढाई है क्या? लढाई बिलकुल नक्को. बीपी वर जाईल सगळ्यांचं."

थोडीशीच आहे, असं मी सांगितलं. खोटं होतं. पहिल्याच भागात अर्धा तास लढाई आहे.

आता मामांचं असं होतं, की तिसरा तास लागला की त्यांचं बीपी धाडकन खाली यायचं. डोळ्यापुढं अंधारी, मळमळ, घाम. परवीन पाय वर करायची, मशीन हळू करायची, हे दर वेळचं. त्या दिवशी तिसरा तास लागला तेव्हा जहाजावर गोळे पडत होते. परवीन पट्टा घेऊन आली, हवा भरली, आकडा बघितला, पुन्हा भरली. बीपी जिथल्या तिथं. मामा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाले, "बाजूला व्हा सिस्टर, दिसंना."

तिनं वहीत आकडा लिहिला आणि मला म्हणाली, "भैया, ये मामा को हर तिसरे घंटे में लढाई लगाव."

*

नव्या मालिकेत कॅप्टन बाई आहे. जुनीत पोट सुटलेला, हसरा बाप्या होता. नवी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी या बदलावर लई रागावलो होतो. मित्रांशी भांडलोसुद्धा. मामांचीही पहिली तक्रार तीच.

"जुना कुटं गेला म्हणायचा?"

"रिटायर झाला समजा," मी म्हणालो.

"मग पेन्शन चालू हाय का त्येची?"

शांतव्वांना मात्र काही खटकलंच नाही. बाई पाच हजार माणसांची भाकरी मोजून देते, भांडणं मिटवते, रडणाऱ्यावर खेकसते आणि मग कोपऱ्यात एकटीच डोळे पुसते, हे त्यांनी दोन भाग शांतपणे बघितलं. मग म्हणाल्या, "जहाज बाप्या चालवील की. घर चालवायचं म्हणल्यावर बाईच लागती."

मी पंधरा वर्षं ज्यावर भांडलो, ते दोन वाक्यांत संपलं.

*

इंग्रजी मला आणि अंजलीलाच समजायचं. खालच्या ओळी वाचून मी मोठ्यानं मराठीत सांगायचो. सुरुवातीला अंजली तोंड भिंतीकडं करून पडायची. आईची किडनी जुळते का, याच्या तपासण्या चालू होत्या आणि ती कुणाशी बोलत नसे. पाचव्या-सहाव्या भागात मी एक वाक्य चुकीचं सांगितलं. भिंतीकडूनच आवाज आला, "काका, तो 'मरेन' म्हणत नाहीये. 'मागे राहीन' म्हणतोय."

त्या दिवसापासून मराठी तिच्याकडं गेली आणि मी नुसता प्रेक्षक झालो.

तीच सांगत होती तेव्हाचा पाण्याचा किस्सा. जहाजाची टाकी फुटते. कॅप्टन सगळ्यांना गोळा करते आणि जड आवाजात सांगते की उद्यापासून पाण्याचं रेशन. माणसं सुन्न होतात. एक म्हातारी मटकन खाली बसते. एक जण भिंतीवर डोकं आपटून घेतो. मागं दुःखाचं संगीत. अंजलीनं गंभीर आवाजात मराठी केली, "प्रत्येकाला दिवसाला फक्त दोन लिटर पाणी मिळेल."

आम्हा चौघांनाही डॉक्टरांनी पाणी बांधून दिलेलं आहे. मला दिवसाला एक लिटर, तेही चहा-आमटी धरून. शांतव्वांना त्याहून कमी. सोलापूरचा उन्हाळा आम्ही तोंडात बर्फाचा खडा धरून काढतो.

मामा हळूच म्हणाले, "दोन लिटर? आन् रडतंय कशाला मग येडं?"

पहिल्या शांतव्वा हसल्या. मग मी. अंजली इतकी हसली की तिचा हात हलला, नळी दबली आणि मशीन बोंबलायला लागलं. तिच्यामागोमाग माझं. मग मामांचं. परवीन पळत आली तर तीन मशीनवर लाल दिवे आणि चार पेशंट पोट धरून हसताहेत. आमच्या पाळीत आल्यापासूनच्या चार महिन्यांत अंजलीला हसताना आम्ही पहिल्यांदा बघितलं. परवीननं एकेक मशीन शांत केलं, आम्हाला रागावली, कारण विचारलं. कारण ऐकून तीच हसत स्टूलवर बसली.

*

शांतव्वा इथं जे बघायच्या ते वळसंगला जाऊन देवळाच्या पायरीवर बायकांना कन्नडमध्ये सांगायच्या. हे आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, "अण्णा, ती लाल केसाची पोर, इमान चालवती ती. तिचं लगीन ठरलंय का कुटं?"

"का बरं?"

"आमच्या गल्लीतली गौरव्वा विचारत होती. तिच्या भावाचा पोरगा हाय. पाच एकर बागाईत, हीर हाय, व्यसन न्हाई."

मी म्हणालो, "शांतव्वा, ती गोष्टीतली मुलगी आहे."

"व्हय की. मला कळत न्हाई व्हय?" त्या जरा दुखावल्या. मग म्हणाल्या, "पर तिच्यासारखी एखादी आसंल तर बघून ठेवा. गौरव्वाला तसलीच सून पायजे. न घाबरणारी."

*

मालिकेत एक म्हातारा इंजिनियर आहे. जहाजाच्या तळाशी हवेचा मोठा पंप असतो. हा दिवसभर तिथं बसून पंपाला कान लावून असतो. वरती लढाया चालोत, लग्नं होवोत, हा आपला आवाज ऐकतोय. एखादा खटका वेगळा आला की उठतो, चावी फिरवतो, परत बसतो. बस, एवढंच काम.

मी सगळ्यांना सांगत होतो, "गंमत बघा, पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिशीच्या आत होतो. हा म्हातारा आला की मी रिमोटनं पुढं पळवायचो. आता त्याचीच वाट बघतो. हा माणूस तेव्हा मला इतका कंटाळवाणा का वाटला असेल?"

मामांच्या उशाशी त्यांचं मशीन लयीत फिरत होतं. अंगावर चादर होती, तीही मीच काढलेल्या मोराच्या डिझाइनची. ती त्यांनी गळ्यापर्यंत ओढली.

"तवा तुमाला पंप लागत नव्हता," ते म्हणाले.

*

आईची किडनी अंजलीला जुळली. मंजुरीची कागदपत्रं झाली, पुण्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. तेव्हा आमच्या डब्यात एकच डिस्क उरली होती, शेवटची.

जाण्याआधीच्या सोमवारी ती म्हणाली, "तुम्ही बघून टाका. मी येईन न येईन."

तिच्या बोलण्यातलं ते 'न येईन' कुणालाच आवडलं नाही. शांतव्वांनी कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटून खाटेच्या लोखंडाला हात लावला. मामा उठून बसायला लागले, नळ्यांमुळं जमेना, तर आडवे होऊनच म्हणाले, "पॅसेंजर खाली ऱ्हायलेला असताना बत्तीस वर्षांत मी डबल बेल मारलेली न्हाय. गाडी हितंच उभी ऱ्हाईल."

आणि राहिली. पाच महिने डबा उघडला नाही. केबल परत जोडली गेली होती, कुस्ती लागायची, कन्नड सिरियल लागायची. अंजलीच्या खाटेवर एक गृहस्थ आले. त्यांनी एकदा विचारलं, "ती डिस्क लावा की, नुसती ठेवलीय कशाला?" मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मधे मामांना न्यूमोनिया झाला. दहा दिवस ते वरच्या मजल्यावर ऑक्सिजनवर होते. परवीन रोज ड्यूटी संपवून बघायला जायची. अकराव्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून खाली आले, अर्धे झालेले, आणि पहिलं काय विचारलं तर, "लावली न्हाय न्हवं?"

सहाव्या महिन्यात अंजली आली. तोंडाला मास्क, गाल गोल झालेले, पंजाबी ड्रेस नवा. परवीननं तिला दारातच अडवलं. नवी किडनी घेतलेल्यानं आमच्यात येऊन जंतू घ्यायचे नाहीत. मग बाहेरच्या व्हरांड्यात काचेला लागून तिला खुर्ची टाकली आणि टीव्ही भिंतीवरून काढून स्टूलावर, तिच्याकडं तोंड करून ठेवला. आम्ही माना वाकड्या करून बघत होतो. मराठीत सांगायचं काम परत माझ्याकडं आलं होतं.

शेवटी जहाज एका ग्रहावर उतरतं. तो म्हातारा इंजिनियर पंपाजवळ येतो, हात ठेवतो आणि पंप बंद करतो. पडद्यावर पूर्ण शांतता. आमच्या खोलीत चार पंप चालू होते, ते तेवढे ऐकू येत होते. म्हातारा काहीतरी बोलला. ते मी वाचून सांगणार, तेवढ्यात मामांनी हात केला, "ऱ्हाऊ द्या." ते टीव्हीकडं बघत नव्हते. काचेकडं बघत होते. अंजलीला आवाज येत नव्हता, पण ओळी आमच्याआधी तिनंच वाचल्या होत्या. तिनं मास्कच्या वरून डोळे पुसले आणि आमच्याकडं बघून मान हलवली.

"पोचली गाडी," मामा म्हणाले.

*

पण मला विचाराल तर सगळ्यात भारी किस्सा त्याच्या आधीचा, ऑपरेशनच्या दिवसाचा.

त्या दिवशी बुधवार होता. टीव्ही कुणी लावला नाही. सकाळी आठला आईला आत घेतलं, नंतर अंजलीला, एवढंच कळलं होतं. एक वाजला, दीड वाजला. परवीनचा फोन तिच्या खिशात होता आणि आम्ही तिघंही तिच्या खिशाकडं बघत पडलो होतो. मामांचं बीपी तर त्या दिवशी तिसऱ्या तासाची वाट न बघता बारालाच खाली आलं होतं.

पावणेदोनला फोन वाजला. अंजलीचे वडील होते. परवीननं स्पीकर लावला. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज. परवीनचा चेहरा उतरला. शांतव्वांनी डोळे मिटले.

परवीन म्हणाली, "काका, बोलो ना. क्या हुआ?"

"झाली," ते म्हणाले. "टेबलावरच झाली. नवी किडनी जोडली आणि लगेच. डॉक्टरांनी बाहेर येऊन मला सांगितलं. लघवी झाली हो."

ज्यांना रोज होते त्यांना यातलं काही कळणार नाही. अंजलीला दोन वर्षं झाली नव्हती. मला तीन. मामांनी चादर तोंडावर ओढून घेतली आणि आतून हुंदके यायला लागले. परवीन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बीपीचा पट्टा तिच्या हातातच होता.

तीन वाजता सुटलो. शांतव्वांनी मुलाला पिटाळून एक किलो पेढे आणवले. आम्हाला कुणालाच ते खायची परवानगी नाही, शांतव्वांना तर मुळीच नाही. म्हणून हाताला पट्टी तशीच बांधलेली ठेवून त्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन जिन्यानं खाली निघाल्या आणि दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवायला लागल्या. मी त्यांच्यामागं. वॉचमनला दिला, लिफ्टवाल्याला दिला. तळमजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड आहे. तिथं बाकावर नातेवाइकांची गर्दी होती. शांतव्वांनी ओळीनं सगळ्यांना पेढे वाटले. एका काठापदराच्या आजींनी पेढा कपाळाला लावला, शांतव्वांचा हात धरला आणि कौतुकानं विचारलं, "काय झालं हो? मुलगा का मुलगी?"

शांतव्वांचा चेहरा नुसता फुलला होता.

"लघवी," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाकाकडं वळल्या.