पट्ट्याला पाडलेलं भोक

मी दहावीला दोनदा आपटलो. बायको इंगोलश्टाटला इंजिनियर आहे आणि मी तिच्या व्हिसावर आलेलं सामान. एका कॅन्टीनमध्ये भांडी घासतो. लोकांना हसवता येतं, बाकी काही येत नाही.

लेक तेरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. इथल्या बॅगपाइपच्या, म्हणजे पिशवीत हवा फुंकून वाजवायच्या वाद्याच्या, मंडळात दोन वर्षं घासली, तेव्हा कुठे पहिल्यांदा मिरवणुकीत वाजवायला मिळणार होतं. मंडळाने किल्ट दिला, म्हणजे तो चौकटींचा घागरा, आणि वरून बांधायला चार बोटं रुंद चामड्याचा पट्टा. पट्टा पोटावर पुरेना. अंगाने ती माझ्यावर गेलीय.

"बाबा, पास्ट निष्ट," ती म्हणाली. बसत नाही.

"आण इकडे. बापाला काय समजतेस?"

मी पट्ट्यावर भोकं शोधली. एकही नाही. म्हटलं, हे जर्मन एवढ्या गाड्या बनवतात आणि भोक पाडायला विसरले! आपल्याकडे पट्टा होईना की खिळा तापवतात. मी लायटरवर स्क्रूड्रायव्हर तापवला आणि पार टोकाशी भोक पाडलं. घरभर चामडं जळल्याचा वास. मग दिसलं, बकलला काटाच नाही. भोकात घालणार काय?

मिरवणुकीच्या सकाळी तसाच पट्टा घेऊन आम्ही हॉलवर गेलो. मंडळाचा म्होरक्या पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने पट्टा उलटा केला. आतून सगळा वेल्क्रो. पट्ट्याचं टोक बकलमागच्या दांडीतून ओवायचं, आत दुमडायचं आणि वेल्क्रोवर दाबायचं. कमी दुमडलं की पट्टा मोठा. मग बकलमागचा हूक दुसऱ्या टोकाच्या कडीत अडकवायचा, संपलं. आणि माप बेंबीवर घ्यायचं, जीन्सच्या कमरेवर नाही. त्याने पट्टा सैल करून तिला बांधून दिला. पोरीने मोठा श्वास घेतला, हसली.

सैल करताना भोक वर आलं होतं. ते आता त्याला दिसलं.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं. वीसेक माणसं वळली. पोरीने माझ्याकडे बघितलं.

"मी" म्हणायचं होतं. एवढंच. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "माफ करा, माझ्या मुलीच्या पोटाला एक गाय पुरली नाही."

हॉल खदाखदा हसला. जर्मनीत एवढं हसू मला कधी मिळालं नव्हतं. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, म्हणून मी परत सांगितलं.

पोरीने चर्रकन वेल्क्रो सोडला. पट्टा चार बोटं जास्त दुमडला, पोट आत ओढलं आणि हूक अडकवला.

"इतका घट्ट नको, फुंकता येणार नाही," म्हातारा म्हणाला.

"पास्ट," ती म्हणाली. बसतंय.

मिरवणुकीत दुसऱ्याच गाण्याला तिची पिशवी रिकामी व्हायला लागली. बॅगपाइपमधून बोकड कापताना येतो तसा आवाज आला. फुटपाथवरची पोरं हसली. मी मोबाईलवर शूटिंग करत होतो, सवयीने मीपण हसलो. ते हसणं व्हिडिओत आहे. पोरगी लालभडक होऊन ओळीतून बाहेर पडली, फुटपाथच्या कडेला बसली. हूक इतका ताणलेला की तिला सुटेना. मी धावलो, हात घातला.

"लास मिश!" ती ओरडली. सोड मला.

शेवटी ड्रमवाल्या बाईने येऊन सोडवला. मी शेजारी उभा होतो, तिची पिशवी धरून. मिरवणूक पुढे निघून गेली.

म्हातारा भला माणूस. पुढच्या महिन्यात परत संधी देतो म्हणाला. रात्रीच्या जेवणाला ती बायकोला सांगत होती, जर्मनमध्ये, मी समोर बसलेलो असताना: तू ये, बाबा नको.

बायकोने माझ्याकडे बघितलं.

"मला त्या दिवशी कामच आहे," मी म्हटलं.

सुट्टी आहे मला.