आगीच्या पक्ष्यापुढे झुडपाचं अस्वल

दिंडोरी रोडला माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. द्राक्षाच्या हंगामात गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, लय भारी असंल ते औषध द्या." मी म्हणते, "आधी पान दाखवा." भुरी काय आणि डावणी काय, दोन्ही रोग पानावर पांढरेच दिसतात. पण एकीचं औषध दुसरीवर मारलं की फवारणी वाया. हे मी रोज मोठ्या तोऱ्यात ऐकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते कसं हे मला मोबाईलवरच्या एका खेळाने दाखवलं.

खेळ मुळात मुलीचा. गावभर फिरून चित्रविचित्र प्राणी पकडायचे आणि वाढवायचे. एकटीने फिरायचा कंटाळा, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने तो माझ्याही फोनवर घालून दिला. यंदा ती अकोल्याला शेती कॉलेजात गेली. गेली म्हणजे मी पाठवली, हट्टाने. तिला पुण्याला चित्रकला शिकायची होती. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नव्हती. मेसेज केला तर उत्तर यायचं, "जेवले." मला आधी संताप यायचा आणि मग रडू.

एका संध्याकाळी गंगापूर रोडच्या बागेत बॉस आला. बॉस म्हणजे दांडगा प्राणी, एकट्याने न हरणारा. दोघाचौघांनी आपापले सहा-सहा प्राणी उतरवून पाच मिनिटांत त्याला पाडायचं. त्या दिवशी नेहमीची कॉलेजची मुलं नव्हती. खेळात लांबच्या माणसालाही बोलावता येतं, म्हणून मी सहज तिला आमंत्रण धाडलं. येईल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात पडद्यावर तिची बाहुली माझ्या बाहुलीशेजारी येऊन उभी राहिली.

मी घाईघाईने ताकदीचा सगळ्यात जास्त आकडा असलेला प्राणी पुढे केला, माझं लाडकं झुडपाचं अस्वल. समोर होता आगीचा पक्षी. अस्वलाचा पालापाचोळा व्हायला चार सेकंदही लागले नाहीत. बाकीचे पाचही त्याच वाटेने गेले. पक्ष्याची जेमतेम बोटभर ताकद उरली होती तेव्हा वेळ संपली.

आणि फोन वाजला.

"आई, आगीपुढे झुडूप कोण पाठवतं?"

तीन महिन्यांनी आवाज ऐकत होते. ती दहा मिनिटं झापत होती आणि मी बाकावर बसून मुकाट ऐकत होते, फार सुखात.

"पाण्याचे प्राणी चालले असते का?" मी विचारलं.

"चालतात. पण तो नुसता आगीचा नाहीये, उडणारापण आहे. दगडाचे लाव. दगड आगीलाही भारी आणि पंखालाही. एका फटक्याचं काम दुप्पट होतं."

"पंखाला दगड कसा भारी?"

"मामाच्या शेतात पाखरं कशाने हाकलतात? गोफणीने ना?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. खेळ स्वतःहून जे सहा सुचवतो ते घ्यायचे नाहीत, ते नुसते मार खात टिकतात, हेही तिने सांगितलं. बाहेर थोडे ढग असले तर खेळात दगडाचा फटका वाढतो म्हणे. फवारणीआधी मी आभाळ बघते, तशी आता बागेत जाताना बघू लागले. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फिरून आठवड्यात सहा दगडाचे प्राणी धरले, वाढवले. कोण कशाला लागू पडतं याचं मला वेडच लागलं.

पुढचा बॉस आला, तोच पक्षी. ती आली. माझी सहाची फळी तयार होती. बोट त्यांच्यावर नेलं आणि मनात आलं, जिंकलो तर ती कशाला फोन करील?

मी अस्वल आणि आणखी दोन झुडपं पुढे केली, दगडाचे मागे ठेवले. हरलो. फोन आला. त्याच्या पुढच्या वेळीही तेच, पुन्हा दहा मिनिटं. हरायची मला चटकच लागली.

चौथ्या वेळी फोन आला, पण ती झापेना.

"आई, तुझ्याकडून कोण लढतंय ते मला इथे दिसतं."

"मग?"

"पहिली तीन झुडपं मेली की तुझे दगडाचे येतात. चांगले तगडे आहेत. मुद्दाम करतेस ना?"

दुकानात मला थाप सुचायला वेळ लागत नाही. तिला मात्र "हो," म्हटलं.

तिकडे हॉस्टेलच्या जिन्यावर कुणीतरी हसत धावत गेलं. ती अजून फोनवरच होती.

"बॉस जायला अजून वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली. "परत बोलाव मला. आणि दगडाचे लाव, सहाच्या सहा. जिंकलो तरी करीन फोन."