फोटोतला मरून स्वेटर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. ईशान, मीरा, तुमच्या हॉलमध्ये माझा लंडनचा फोटो आहे ना, मरून स्वेटरमधला? परवा फोनवर तुम्ही म्हणालात, तो सगळ्या पाहुण्यांना दाखवता. म्हणून लिहिते आहे.

परदेशी बँका तेव्हा पुण्यात नुकत्याच येत होत्या. मी तशाच एका बँकेत होते; आमच्या शाखेतून एकीला लंडनला पाठवायचं होतं. शाखेतलीच माझी मैत्रीण नलिनी माझ्याहून हुशार — हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही. पण परक्या बाईला घरचं कसं विचारायचं? आमच्या इंग्रज साहेबांना संकोच वाटला, म्हणून त्यांनी मला विचारलं — तिला घरून जमेल का?

मी म्हटलं, कठीण आहे. तिच्या सासूबाई फार आजारी असतात.

आजारी? त्या रोज कसब्यातून मंडईत चालत जाऊन भाजी आणायच्या.

माझी निवड झाली. निघण्याआधी नलिनी घरी आली, कागदात गुंडाळलेला स्वेटर घेऊन. "सासूबाईंनी माझ्यासाठी विणला होता. खुशाल जा म्हणाल्या होत्या गं. आता तू घाल, तिथे थंडी असते."

तेव्हा तरी बोलता आलं असतं — नाही का? मी स्वेटर अंगाला लावून बघितला आणि म्हटलं, अगदी मापाचा आहे.

निवृत्तीनंतर लंडनच्या ओळखींमुळे मला परदेशी वकिलातींच्या पुण्यातल्या समारंभांची आमंत्रणं येऊ लागली. सोबतीला मी नलिनीला न्यायची. ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "लंडन गाजवून आलीय ही." मी ऐकून घ्यायची.

कोरेगाव पार्कातल्या अशाच एका संध्याकाळी तेच इंग्रज साहेब भेटले, आता थकलेले. नलिनीला म्हणाले — खरं तर तुम्हालाच पाठवायचं होतं. पण सासूबाईंचं आजारपण... यांनीच सांगितलं होतं.

नलिनी माझ्याकडे वळली. मग मराठीत म्हणाली, "हो का? आजारी बाईनं स्वेटर मात्र छान विणला, नाही?"

ताटली टेबलावर ठेवून ती निघाली. माझ्या गाडीतून आली होती, रिक्षानं गेली. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.

आणि त्या संध्याकाळी मला राग कुणाचा आला असेल? साहेबांचा. त्यांनी विश्वासघात केला असं वाटलं — मला!

फोटोत मी हसते आहे. तेव्हा मला सगळं माहीत होतं.