रुसली म्हणायचं

मध्य प्रदेशातल्या लांजी-बालाघाट रस्त्यावर जुनी डिझेल जीप चालवणारे एक काका आहेत. गाडी बंद पडली, असं ते कधीच म्हणत नाहीत, रुसली म्हणतात. सवाऱ्यांशी बहुतेकदा हिंदी बोलतात, जीपशी मात्र कायम मराठी.

माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशीच, कडाक्याच्या थंडीत, ती हट्टा गावाजवळ थांबली. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, कोट घालून मागे बसलेलो.

"काका, बंद पडली का?"

"हळू बोल ना बे! ऐकून राह्यली ते."

डिझेलची नळी चिरली होती, आत हवा शिरत होती. सवाऱ्यांतल्या एका बाईंकडून अंगाचा साबण मागून काकांनी चिरेत चोळला. मग स्वतःच्या गळ्यातला नवा मफलर टर्रकन फाडून पट्टी करकचून बांधली. हवा काढायला इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारताना जीपच्या कानात सांगावं तसं म्हणाले, "उठ व माय, पोराले सायेब व्हाचं हाय."

आम्ही सगळ्यांनी ढकललं. जीप खोकली, धूर सोडला आणि धडधडली! मी कोटासकट नाचलो.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "लेट क्यों हुए?"

"सर, गाड़ी रूठ गई थी," मी ताठ मानेनं सांगितलं.